सेवेची सफर आणि आमची साक्ष

'सेवा' हा शब्द मराठी समीक्षेने कधी नीट तपासला नाही. करुणा, भक्ती, रस ह्यांची चर्चा करता करता पानेच्या पाने खर्ची पडली; पण ज्या शब्दाने आमच्या कित्येक पिढ्यांचे आयुष्य खाऊन टाकले तो शब्द पवित्र म्हणून देव्हाऱ्यातच राहिला. शूद्राचा धर्म सेवा, असे स्मृतिकारांनी सांगितले. गावगाड्याने ह्या सेवेच्या मोबदल्याला बलुते म्हटले, आणि महार-मांगांच्या वाट्याला आलेल्या कामांची यादी कुणी पुरी लिहिली नाही, कारण तिला अंतच नव्हता. ज्यांना सेवा नाकारता येत नव्हती त्यांच्यापुरता ह्या शब्दाचा अर्थ एक, आणि जे रजा घेऊन, विमानाचे तिकीट काढून सेवा करायला येतात त्यांच्यापुरता दुसरा. ह्या दोन अर्थांमधले अंतर मोजावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्त एका पुस्तिकेचे. परदेशातील एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचा एक गट सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासासाठी आमच्या भागात येऊन गेला. सेवा करायची आणि सेवेतून शिकायचे, अशी ही योजना. सतरा दिवसांत सातारा व सांगली जिल्ह्यांतली काही प्राथमिक आरोग्य केंद्रे, दोन-तीन वस्त्या, एक साखर कारखाना आणि अर्थातच महाबळेश्वर एवढे त्यांनी पाहिले. पैकी चार दिवस मी त्यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून होतो. परत गेल्यावर त्यांनी गुळगुळीत कागदावर अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका काढली आणि तिची एक प्रत अगत्याने मला पाठवली. विद्यापीठाचे नाव मी येथे देत नाही. प्रश्न एका विद्यापीठाचा नाही, एका लेखनप्रकाराचा आहे. प्रवासवर्णन, अहवाल आणि कृतज्ञतेची प्रार्थना ह्या तिन्हींच्या मिश्रणातून तयार झालेल्या ह्या प्रकाराला आपण 'सेवाप्रवासवर्णन' म्हणू. साहित्य म्हणून त्याची परीक्षा झाली पाहिजे, कारण ह्या पुस्तिका वाचल्या जातात, त्यांवरून देणग्या ठरतात, पुढच्या तुकड्या येतात, आणि त्यांतून आमच्या वस्त्यांचे एक चित्र जगात रूढ होते.

ह्या लेखनप्रकाराचे एक मूळ आमच्याच मातीत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतल्या विद्यापीठीय तरुणांनी परदेशात सेवेला जावे म्हणून जी मोठी विद्यार्थी चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली, तिचा एक प्रवर्तक रॉबर्ट वाइल्डर हा १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. कोल्हापूर मिशनचे संस्थापक रॉयल वाइल्डर ह्यांचा हा मुलगा. प्रिन्स्टनची पदवी घेतली त्याच वर्षी, १८८६ च्या उन्हाळ्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे शिबिर भरले आणि त्यातून शंभर तरुणांनी परदेशी सेवेला जाण्याची तयारी जाहीर केली. नंतर वाइल्डर आणि त्याचा एक सहकारी कॉलेजा-कॉलेजांतून हिंडले व शेकड्यांनी नावे गोळा केली. आज जो माजी विद्यार्थी पाठीवर पिशवी टाकून आमच्या बसस्थानकावर उतरतो, त्याच्या मागे हा सगळा इतिहास उभा आहे. पण एक फरक आहे, आणि तो लहान नाही. त्यांची शपथ आयुष्यभराची होती; ह्यांचे आरक्षण परतीचे असते.

त्याच काळात, १८८९ साली, डॉ. विल्यम वानलेस न्यूयॉर्कहून वैद्यकीची पदवी घेऊन सांगलीत आले. पुढे मिरजेत त्यांनी बस्तान बसवले, १८९४ साली रुग्णालय सुरू केले, त्याला जोडून वैद्यकीय शाळा काढली, इथल्या माणसांना शस्त्रक्रिया शिकवल्या. १९२८ साली ते परत गेले तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. वानलेसवाडी हे नाव सांगली-मिरज रस्त्यावर आजही आहे. मिरज ही डॉक्टरांची पेठ झाली आणि १९६२ साली तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, त्याचा पाया ह्या कामात आहे. वानलेसांनी आपल्या आयुष्यावर जे पुस्तक लिहिले त्याचे नाव 'ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया'. (वानलेस जन्माने कॅनडातले, पण पुस्तकाचा वाचक अमेरिकेत होता.) समीक्षकाने ह्या शीर्षकापाशी थोडे थांबावे. कर्ता अमेरिकन डॉक्टर. क्रिया त्याचे काम. हिंदुस्थान हे अधिकरण, म्हणजे क्रिया जेथे घडते ती जागा. व्याकरणात अधिकरणाला तोंड नसते. सेवाप्रवासवर्णनाचा सगळा सांगाडा ह्या एका शीर्षकात आहे, आणि माझ्या हातातल्या अठ्ठेचाळीस पानांत तो जसाच्या तसा उतरला आहे.

असे असले तरी मिशनच्या दवाखान्याकडे आम्ही ज्या नजरेने पाहतो ती नजर सदाशिवपेठी राष्ट्रवाद्याची नाही, हे येथेच स्पष्ट केले पाहिजे. 'औषधाच्या बाटलीतून धर्मांतर' ही ओरड ज्यांनी केली त्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर आम्हांला उभे केले जात होते काय, हा पहिला प्रश्न. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आपल्या टिपणांत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदली आहे. १९२९ च्या डिसेंबरात ती 'यंग इंडिया'त पत्ररूपाने छापून आली होती. बाळंतीण बायको तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. रदबदली करून, फी ठरवून तो आला तो वस्तीबाहेर थांबला, आणि दोन दिवसांच्या ओल्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. वाचून परत त्याच मार्गाने. बाई वाचली नाही. थर्मामीटरने ताप मोजला, आणि त्या काचेच्या नळीने तीन हात फिरून आणखीही एक गोष्ट मोजली. ज्या काळात एतद्देशीय डॉक्टराचा हात आमच्या नाडीपर्यंत पोचत नव्हता, त्या काळात मिशनच्या दवाखान्याचे दार महार-मांगाला बंद नव्हते. तो हात कोणत्या धर्माचा आहे हा प्रश्न नाडी तपासून झाल्यावर विचारता आला असता. म्हणून वानलेसांच्या पुस्तकाच्या शीर्षकाशी माझे भांडण आहे, त्यांच्या शस्त्रक्रियागृहाशी नाही.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या लेखनाचा विचार सेवाप्रवासवर्णनाच्या संदर्भात मुद्दाम केला पाहिजे, कारण ते परदेशी वाचकालाच उद्देशून लिहिले आहे. परदेशातल्या माणसाला अस्पृश्यता आहे हे ठाऊक असते, पण ती शेजारी नांदत नसल्याने तिची झळ त्याला कळत नाही. तर ती कशी कळवावी, ह्या प्रश्नातून बाबासाहेबांनी ह्या आठवणी लिहिल्या. म्हणजे परदेशी पाहुण्याला आमची वस्ती कशी दाखवावी ह्याचा पहिला विचार आमच्या बाजूने कोणी केला असेल तर कोलंबियाच्या ह्या माजी विद्यार्थ्याने. त्यांतली पहिली आठवण साताऱ्याची आहे. साल १९०१. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला. दुष्काळात माणसे मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदायला काढलेला. साताऱ्याहून मुले उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे निघतात, मसूरला आगगाडीतून उतरतात, आणि पुढचा सारा बैलगाडीचा प्रवास डबा जवळ असून उपाशी काढतात, कारण पाणी कुणी देत नाही. जिथे पोचायचे तिथे तलाव खोदला जातो आहे, आणि वाटेवर पोरांच्या घशाला कोरड पडली आहे. पाणीपुरवठ्याचा कोणताही अहवाल ह्या चित्रापुढे फिका पडतो. कारण पाण्याचा अभाव आणि पाण्याचा नकार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालांना पहिली गोष्ट मोजता येते. दुसरीसाठी त्यांच्याकडे रकाना नाही.

आता पुस्तिकेकडे वळतो. माझ्या चार दिवसांपैकी दोन दिवस मिरज तालुक्यातल्या एका मातंग-बौद्ध वस्तीत गेले. हात धुण्याचे प्रात्यक्षिक होते. पाहुण्यांनी आणलेल्या साबणाच्या छोट्या वड्या, रंगीत चित्रांचा तक्ता. एक बाई (सार्वजनिक आरोग्यातली पदवी घेतलेली, वय तिशीच्या आत) मन लावून सांगत होती, मी मराठी करीत होतो. जेवणाआधी, शौचानंतर, बाळाला घेण्याआधी. पुढे बसलेली एक म्हातारी ऐकून घेऊन मला म्हणाली, "सर, तिला इचारा, कशानं धुयाचं? साबण दिली, पाणी कुठाय? धुणं-भांडी झाल्यावर चार तांबं उरत्यात, त्यात पोरं प्यायची का हात धुयाचं?" मी हे शब्दशः इंग्रजीत सांगितले. बाईचा चेहरा पडला. तिने प्रामाणिकपणे वहीत काहीतरी लिहून घेतले. पुस्तिकेत तो प्रसंग आला आहे. त्यात म्हातारीचा फोटो आहे, सुरकुत्या स्पष्ट दिसतात. खाली वाक्य आहे ते असे, की हात धुण्याच्या महत्त्वाविषयी समुदायात जाणीव कमी असल्याचे आढळून आले.

कुणाला आढळून आले? वाक्याला कर्ता नाही. म्हातारीने प्रश्न विचारला होता. वाक्यात तिचा प्रश्न अज्ञान होऊन बसला. आमच्या साहित्याने 'जाणीव' ह्या शब्दावर गेली पन्नास वर्षे रक्त आटवले आहे. दलित जाणीव म्हणजे काय ह्यावर चर्चासत्रे झाली, भांडणे झाली, घराघरांत फूट पडली. आणि येथे ज्या बाईला आपल्या घरातल्या पाण्याचा तांब्यातांब्याचा हिशेब पाठ आहे तिच्या ठिकाणी जाणीव कमी असल्याचे एका तृतीयपुरुषी कर्मणी वाक्याने ठरवून टाकले.

दुसरा शब्द 'समुदाय'. मूळ इंग्रजी शब्द त्यांच्या तोंडी दर वाक्याला येत असे. मी त्याचे मराठी 'समाज' असे करीत होतो. पहिल्याच दिवशी एका तरुणाने मला अडवले: "कुठला समाज म्हणत्यात ते? आमचा, का बौद्धांचा, का वरल्या आळीचा?" ह्यात गैरसमज काहीच नव्हता. आपल्या रोजच्या मराठीत समाज म्हणजे जात. 'तुमचा समाज कोणता' असे घर भाड्याने देणारा विचारतो तेव्हा त्याला समाजशास्त्र नको असते. मी ही गोष्ट पाहुण्यांना समजावून सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली. अठ्ठेचाळीस पानांत जात हा शब्द एकदाही आलेला नाही. गरिबी अकरा वेळा आली आहे. मी मोजले.

पाहुणे वाईट होते असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यात एक निवृत्त परिचारिका होती. तक्ते, वह्या, फोटो ह्यांत तिला रस दिसला नाही. ती गटाराच्या कडेला उभी राहिली आणि तिने विचारले, हे कोण साफ करते? बरोबर असलेल्या स्थानिक यजमानांनी चटकन उत्तर दिले, "पंचायत." ती म्हणाली, पंचायत म्हणजे कोण, माणूस कोण? यजमान हसले. मग मी सांगितले की ज्यांच्या दारात आपण उभे आहोत त्यांचाच पुतण्या करतो. हातमोजे नाहीत, गमबूट नाहीत. हाताने मैला उचलायला लावणे १९९३ च्या आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण गटार 'तुंबले' की कायदाही तुंबतो. ती त्या पोराशी अर्धा तास बोलली. त्याच्या हातावरचे फोड तिने पाहिले, मलम दिले, आणि हे मलम म्हणजे उत्तर नव्हे असेही मला म्हणाली. तिचा उल्लेख पुस्तिकेत गटाच्या छायाचित्रापुरता आहे. तिने मजकूर लिहून दिला नसेल, किंवा दिला असेल आणि तो बसला नसेल.

आता ज्या साक्षीला ह्या पुस्तिकांत जागा मिळत नाही ती काय आहे ते पाहू. सार्वजनिक आरोग्याच्या कोणत्याही अभ्यासक्रमात सातारा जिल्ह्याचे म्हणून एक पुस्तक लावायचे असेल तर ते फलटणच्या बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमुचं' होय. 'स्त्री' मासिकातून १९८२ साली ते क्रमशः आले, १९८६ साली पुस्तक झाले. छोटे दुकान चालवणारी ही बाई घरच्यांच्या नकळत वर्षानुवर्षे लिहीत राहिली. महारवाड्यातल्या बाळंतपणाची जी पाने तिने लिहिली आहेत ती मराठीत दुसऱ्या कुणाकडे नाहीत. अडलेली कोवळी पोर. तिच्याभोवती जमलेल्या बायका, ज्यांना तिचा कळवळा आहे पण ज्ञान नाही, त्या पुन्हा पुन्हा हात घालून पाहतात आणि इजा वाढवतात. सुटका झालीच तर पोटात घालायला अन्न नाही, रक्त टिपायला चिंधी नाही. मूल जाते, कधी आई जाते, कधी दोघेही. माता-मृत्यूचा दर काढणाऱ्याला ह्या पानांत त्या दराचे सगळे घटक सापडतील: बालविवाह, उपासमार, अज्ञान, आणि ह्या सर्वांच्या मुळाशी असलेली ती गावाची रचना जिने दाई, डॉक्टर आणि विहीर ह्या तिन्हींना वेशीच्या आत ठेवले.

बेबीताईंच्या लेखनाचे वैशिष्ट्य असे, की ती आपल्या माणसांनाही सोडत नाही. अंगात येणे, नवस, देवाला सोडणे, सासूने सुनेचा केलेला छळ हे सारे ती सांगते, आणि सांगताना लाज वाटून घेत नाही. पाहुण्याने तेच लिहिले असते तर त्याला आम्ही अपमान म्हटले असते. तिने लिहिले म्हणून ते आत्मपरीक्षण झाले. हा पक्षपात नाही. ती त्या उपाशी घरात होती आणि बाहेर पडण्याचा मार्ग कोणी दाखवला तेही ती सांगते. बाबासाहेबांचे भाषण ऐकून मेलेले जनावर खाणे सोडलेला, पोरींना शाळेत घातलेला महारवाडा हा तिच्या पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग आहे. आरोग्यात झालेला हा बदल कोणत्या गटाने मोजला? माया पंडित ह्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ पासून उपलब्ध आहे, तेव्हा भाषेची सबब चालणार नाही.

ह्या साक्षीची परंपरा जुनी आहे. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांगाची मुलगी १८५५ साली 'ज्ञानोदया'त लिहिते तेव्हा आपल्या बायका बाळंत होताना त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्यांचे काय होत असेल, हे तिने विचारलेच आहे. म्हणजे आमच्या गद्याच्या आरंभालाच प्रसूतीचा प्रश्न आहे. आणि सातारा जिल्ह्यातल्या नायगावची सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेते, त्या साथीतच मरते. ह्या सेवेचे प्रमाणपत्र कोणी दिले नाही, आणि तिच्यावर पुस्तिकाही निघाली नाही.

आटपाडीचे शंकरराव खरात ह्यांची साक्ष वेगळ्या अंगाची आहे. त्यांचे वडील तराळकी करीत. विहिरीत फुगून वर आलेले बेवारशी प्रेत बाहेर काढायला पोलिसांनी महारालाच पाण्यात उतरवले, हा प्रसंग खरातांनी लिहिला आहे. गाव काठावर उभे आहे, कायद्याचा माणूस काठावर उभा आहे, आणि बाप खाली विहिरीत आहे. पोर वरून बघते आहे. हा प्रसंग अन्यायाचे चित्र म्हणून आजवर वाचला गेला आणि ते बरोबरच आहे. पण तो आरोग्यखात्याच्या दृष्टीनेही वाचला पाहिजे. गावचे पाणी स्वच्छ ठेवणे, प्रेत हलवणे, मेलेले ढोर ओढून नेणे, साथीची वर्दी शेजारच्या गावाला पोचवणे ही सर्व सार्वजनिक आरोग्याची कामे होत. शेकडो वर्षे ती महार-मांगांनी केली. ज्या विहिरीचे पाणी त्याला पिता येत नव्हते तीच विहीर त्याने शुद्ध केली. त्यामुळे 'वस्तीतल्या लोकांना आरोग्याचे शिक्षण द्यायचे' असे कोणी म्हणतो तेव्हा मला हसू येते. ह्या देशातला सर्वांत जुना आरोग्य कर्मचारी तोच आहे. त्याला फक्त पगार आणि पाणी मिळाले नाही.

मग परदेशी माणसाने येऊच नये काय? इव्हान इलिच ह्या विचारवंताने १९६८ साली मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांच्या तोंडावर सांगितले होते, की तुमच्या सद्हेतूंचा इथे उपयोग नाही. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. हे भाषण धारदार आहे आणि प्रत्येक गटाला विमानात बसण्याआधी ते वाचायला लावावे. तरी मी इलिचच्या टोकापर्यंत जात नाही. आमचा माणूसही बाहेर गेला आहे. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला माणूस, १९६१ साली रशियाला गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. अण्णा भाऊ कुणाची सेवा करायला गेले नव्हते. श्रमणारा माणूस दुसऱ्या देशात कसा जगतो हे पाहायला गेले होते. पाहुण्याने कसे पाहावे ह्याचा एक नमुना वाळवे तालुक्याने घालून दिलेला आहे.

जामखेडचा अनुभवही जमेस धरला पाहिजे. मेबल व रजनीकांत आरोळे हे डॉक्टर दांपत्य जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले आणि १९७० साली त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात काम उभे केले. गावोगावच्या निरक्षर बायका, त्यांत कितीतरी दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे येतात, पण तेथे शिकवणाऱ्यांत ह्या बायकाही असतात. त्यांपैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या. सभागृहातली झुंबरे महाग आणि दूर, आपण पणतीसारख्या, एकीवरून दुसरी पेटत जाणाऱ्या, असे काहीसे त्यांचे म्हणणे होते. उपमा गोड आहे, आणि गोड असल्यामुळेच ती जगभर छापली गेली. मला त्यांच्या उपमेपेक्षा त्यांचे व्यासपीठावर असणे महत्त्वाचे वाटते. तेथे कर्ता बदलला होता.

सांगलीतही कर्ता बदलल्याचे एक उदाहरण आहे. १९९२ साली 'संग्राम' संस्थेने एड्सच्या प्रश्नावर काम सुरू केले. वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच ते पुढे नेले आणि १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' झाली. ह्यांतल्या अनेक जणी सीमाभागातल्या देवदासी, म्हणजे देवाच्या नावाने सोडलेल्या आमच्याच बहिणी. २००५ च्या मे महिन्यात एका अमेरिकन संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांनी गोकुळनगरात छापा घातला. 'सुटका' करणाऱ्यांनी सुटका होणाऱ्यांना विचारले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या मदतीबरोबर वेश्याव्यवसायाच्या विरोधात प्रतिज्ञा लिहून देण्याची अट आली तेव्हा संग्रामने पैसा नाकारला. नकार हा दलित साहित्याने मराठीला दिलेला मोठा शब्द. सांगलीतल्या ह्या बायकांनी तो कवितेबाहेर, हिशेबाच्या वहीत वापरून दाखवला. आमच्या समीक्षेने त्याची दखल घेतलेली मी पाहिली नाही. देवदासीवर कविता लिहिणे सोपे असते, तिच्या संघटनेशी वाद घालणे कठीण.

पाहुण्यांना साखर कारखाना दाखवला ह्याचा उल्लेख वर आला. कारखान्याच्या रस्त्यावर ऊसतोडणी कामगारांची खोपटी होती. मोटार थांबली नाही. बीडहून सांगली-साताऱ्याच्या फडांत येणाऱ्या ह्या बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्रभर गाजला. चौकशी समितीपुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की उचलीतून दंड कापला जातो. पिशवीच काढली की खाडा नाही. सार्वजनिक आरोग्याचा एवढा मोठा धडा खिडकीतून दिसत होता. यजमानांनी पाहुण्यांना साखरेची पोती कशी शिवतात ते दाखवले.

आणि यजमान म्हणजे कोण, हेही बोलले पाहिजे. परदेशी गटाला वाट दाखवणारा, जेवण घालणारा, कोणत्या वस्तीत न्यायचे हे ठरवणारा वर्ग इथला आहे. आमच्या महाविद्यालयांतही हेच चालते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. दर हिवाळ्यात सात दिवसांचे शिबिर भरते, दत्तक गावात मुले झाडू मारतात, फोटो निघतात. माझ्या वर्गातल्या ज्या मुलीची आई रोज पहाटे मिरजेचे रस्ते झाडते, ती मला शिबिराच्या यादीतून नाव काढा म्हणाली. मी काढले. तिला ह्यात नवे शिकण्यासारखे काय होते? साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग घालून दिला, त्या मार्गाने मी स्वतः पदवीपर्यंत आलो, वसतिगृहाची भांडी घासली, बागेला पाणी घातले. तेथे हाताच्या कामातून फी भागत होती. येथे फी भरून चार दिवस हाताला काम विकत घेतात. दोन्हींना श्रमातून शिक्षणच म्हणतात.

माजी विद्यार्थी हा शब्द आपल्यालाही लागू आहे, हे मात्र विसरता येणार नाही. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी व्यथा बोलून दाखवली ती आपण दर एप्रिलात आठवतो आणि मे महिन्यात नव्या वसाहतीत प्लॉट बघायला जातो. माझ्या माहितीतले बौद्ध समाजातले डॉक्टर आता थोडे नाहीत. मिरजेतून शिकून बाहेर पडलेले, पुण्या-मुंबईला स्थिरावलेले, काही इंग्लंड-अमेरिकेत. त्यांतल्या किती जणांनी आपल्या वस्तीतल्या गटार काढणाऱ्या पोराचे हात पाहिले? परदेशी परिचारिकेने पाहिले. ही तुलना झोंबणारी आहे, पण ती टाळून ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

येत्या हिवाळ्यात दुसरा गट येतो आहे. वस्त्यांची यादी करून द्या, असे मला सांगण्यात आले. मी यादीऐवजी चार गोष्टी लिहून पाठवल्या. येण्याआधी प्रत्येकाने बेबी कांबळे आणि 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचावे. पहिल्या दिवशी पहाटे पाच वाजता सफाई कामगारांबरोबर फिरावे, फोटो न काढता. वस्तीतल्या ज्या बायका माहिती देतील त्यांना शिक्षकाचे मानधन मिळावे. दुभाष्याला देता तेवढे. आणि पुस्तिका छापण्यापूर्वी तिचा मराठी तर्जुमा वस्तीत वाचून दाखवावा व त्यांनी सांगितलेली दुरुस्ती करावी. पहिल्या तीन गोष्टींना संयोजकांची संमती आली आहे. चौथीबद्दल त्यांनी कळवले आहे, की छपाईच्या वेळापत्रकात ती बसवणे अवघड आहे.

त्यांना अवघड असेल म्हणून मी जुन्याच पुस्तिकेपासून सुरुवात केली. गेल्या महिन्यात दोन पाने मराठीत करून त्या वस्तीत समाजमंदिरात वाचली. पंधरा-वीस बाया, चार-पाच पोरे. म्हातारीने स्वतःचा फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला; चांगला आलाय म्हणाली. मग खालचे वाक्य मी पुन्हा वाचावे असे तिने सांगितले. वाचले. "हे कुणी म्हटलं?" तिने विचारले. मी म्हणालो, नाव दिलेले नाही. पलीकडून एक सून म्हणाली, "पुढच्या पानावर नळ हाय म्हणून लिवलंय न्हवं, ते बी खोडा. नळ हाय. पाणी आठवड्यातनं दोनदा येतंय, तेबी रात्रीचं अडीच वाजता. वेळ लिवा त्यात." मी समासात वेळ लिहून घेतली. आणखी सेहेचाळीस पाने वाचायची आहेत.